रात्री दोन वाजता टिकेल असं शिबिर : युवा गटाला परदेशातल्या डोंगरात नेताना

शिबिराच्या पहिल्या रात्री कुणी झोपत नाही. सगळे दमलेले असतात, पण उत्साहात असतात, त्यामुळे ती रात्र आपोआप निभावते. दुसऱ्या रात्री पाऊस येतो. दोनच्या सुमारास तुमच्या तंबूवर कुणीतरी बोटांनी टकटक करतं आणि बाहेरून आवाज येतो, "दादा, माझी स्लीपिंग बॅग भिजलीये."

तुमच्याकडे जादा कोरडी बॅग आहे का, त्या मुलाला अंधारात तुमचा तंबू लगेच सापडला की तो दहा मिनिटं भिजत फिरला, त्याच्या तंबूकडे बघायला दुसरं मोठं माणूस आहे का, हे सगळं सहा-आठ महिने आधीच ठरून गेलेलं असतं. तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींचे गट घेऊन मी बऱ्याचदा परक्या देशातल्या डोंगरात राहिलो आहे. आता आखणी करताना प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न लावतो : हे रात्री दोनला, पावसात चालेल का?

जागा आणि महिना

सुरुवात नकाशापासून करा, फोटोंपासून नको. गटाचा पहिलाच परदेश दौरा असेल तर मुक्कामाचा तळ २५०० मीटरच्या खाली ठेवा. विरळ हवेचा त्रास साधारण त्या उंचीपासून सुरू होतो, आणि पहिल्या फेरीत तुमच्यापुढे शिकण्यासारखं इतर पुष्कळ असतं. आल्प्समध्ये उंच खिंडींतला बर्फ बऱ्याचदा जूनअखेरपर्यंत, कधी जुलैतही टिकतो, म्हणून चालायचा हंगाम जुलै ते सप्टेंबर धरतात. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस ठरलेला असल्यासारखा येतो. दिवस आखताना तो गृहीतच धरायचा.

"कुठेही तंबू ठोकता येतो" या ऐकीव माहितीवर विसंबू नका. नॉर्वेत मोकळ्या रानात मुक्कामाचा हक्क सगळ्यांना आहे, पण राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने तसा हक्क दिला आहे, पण तो थोड्या माणसांनी, थोड्या रात्रींसाठी वापरावा अशी अपेक्षा आहे. पंचवीस मुलांचा गट म्हणजे थोडी माणसं नव्हेत. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात नेमलेल्या तळाबाहेर तंबू लावायला बंदी आहे, स्विस राष्ट्रीय उद्यानात तर तंबू लावताच येत नाही. युवा गटाने अधिकृत तळच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. स्वित्झर्लंडमधल्या कांडरश्टेगला १९२३ पासून स्काउटांचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, साधारण १२०० मीटरवर. अशा ठिकाणी गटांची सवय असलेली माणसं असतात, आणि ती सवय फार कामाला येते.

तळ ठरवण्याआधी तिथल्या व्यवस्थापकाला चार प्रश्न लेखी विचारा. पिण्याचं पाणी नळाचं आहे का? वादळात अख्ख्या गटाला बसता येईल असं पक्कं छप्पर आहे का? जवळचं रुग्णालय गाडीने किती मिनिटांवर? मोबाइलला रेंज तळावर मिळते की रस्त्यापर्यंत जावं लागतं? छपराच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर मी ती जागा सोडतो.

सोबतची मोठी माणसं

माझा हिशेब असा : दर सहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि एकूण किमान तीन. तीन का, तर एक जण आजारी मुलासोबत रुग्णालयात गेला की मागे दोघे उरतात. दोघांत गट निभावतो, एकट्याने नाही. यजमान देशाचे किंवा तुमच्या संस्थेचे नियम याहून कडक असतील तर तेच पाळा. मुलं-मुली दोन्ही असतील तर नेत्यांतही स्त्री-पुरुष दोन्ही हवेत. मोठ्यांचे तंबू वेगळे, आणि कुठलंही मोठं माणूस एका मुलासोबत बंद तंबूत एकटं बसणार नाही. हा नियम पालकांसमोर आणि मुलांसमोर मोठ्याने सांगा, म्हणजे पुढे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण निदान दोघांचं हवं. तेही रुग्णवाहिका दहा मिनिटांत येणार असं गृहीत धरणारं नको, मदत काही तास लांब आहे असं समजून शिकवलेलं हवं.

कागद, आणि एक बोलणं

कागदांचं काम कंटाळवाणं, म्हणून लवकर उरका. शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येतात असे युरोपातले देश) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि तिथून निघाल्यानंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. बऱ्याच इतर देशांना सहा महिने लागतात, म्हणून सगळ्यांसाठी सहाच धरा. व्हिसा लागत असेल तर शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर गट अवलंबून ठेवू नका. अल्पवयीन मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या. त्यात नेत्याचं नाव, प्रवासाच्या तारखा आणि तातडीच्या उपचाराला परवानगी हे तिन्ही हवं.

विमा घेताना रकमेपेक्षा अपवादांचं पान आधी वाचा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण तेवढ्याने डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च भरून मिळेलच असं नाही. पॉलिसीत "शोध आणि बचाव" हे शब्द शोधा, आणि किती मीटर उंचीपर्यंत ती लागू आहे तेही. काही पॉलिसींत दोरी वापरायची चढाई साहसी खेळांत मोडते आणि वगळली जाते.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, औषधाच्या मूळ नावाने न्या. प्रत्येक देशाचे नियम निराळे : जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, आणि ती काही मुलांना एकाग्रतेसाठी दिलेली असतात. मध्य युरोपात गोचिडीमुळे मेंदूज्वर होतो. त्याच्या लशीचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने असतात, तेव्हा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणि आता ते बोलणं. आरोग्याच्या फॉर्मवर पालक फारसं लिहीत नाहीत. झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, रात्रीची भीती, जेवणाचं बिनसलेलं गणित, हे फॉर्मच्या चौकोनात येत नाही. प्रत्येक घराशी वीस मिनिटं फोनवर बोला. "घरी रात्री कधी उठावं लागतं का?" एवढंच विचारलं तरी बरंच कळतं. मी एकदा हे टाळलं होतं. तिसऱ्या दिवशी एक मुलगा सतत डोकं दुखतंय म्हणू लागला. रात्री तंबूबाहेर जावं लागू नये म्हणून तो दुपारपासून पाणीच पीत नव्हता. त्याच्या आईला ही सवय माहीत होती, मी विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं.

घराजवळचा सराव

याला पर्याय नाही. दोन रात्री, घराच्या आसपास, शक्यतो पावसाचा अंदाज बघून. तंबू अंधारात लावायला सांगा. आमच्या पहिल्या दौऱ्यात नवे तंबू विकत घेऊन तसेच बांधून नेले होते. तळावर उघडले तेव्हा एकात काठ्याच नव्हत्या. चूक दुकानदाराची असेल, पण उघडून न बघणारे आम्हीच होतो. तीन मुलं चार दिवस दुसऱ्यांच्या तंबूत दाटीवाटीने झोपली.

सरावात दोन गोष्टी बघा. कोण गार पडतं, आणि कोण गार पडलं तरी सांगत नाही. दुसऱ्या प्रकारची मुलं वहीत नोंदवून ठेवा.

सॅक

उंचीबरोबर तापमान दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सियसने उतरतं. दरीतल्या गावात ५०० मीटरवर दुपारी २५ अंश असेल तर २००० मीटरवर त्याच वेळी पंधराच्या आसपास. पहाटेचं तुम्हीच धरा.

लोक स्लीपिंग बॅगवर पैसे घालतात आणि मॅटवर वाचवतात. हे उलटं आहे. अंगाखाली दबलेली बॅग जवळपास निकामी होते, जमिनीचा गारठा अडवायचं काम मॅटचं असतं. बॅग घेताना तिच्यावर छापलेले आकडे नीट बघा : "कम्फर्ट" हा आकडा निवांत झोपेचा, "लिमिट" हा आखडून, कुडकुडत निभावण्याचा. मुलांसाठी पहिला आकडाच धरायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपायचे कपडे. एक जोडी, अंगाला बसणारी, लोकरी किंवा सिंथेटिक, सोबत जाड मोजे, आणि हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड पिळून बांधलेलं. ती पिशवी दिवसा उघडायची नाही, कितीही भिजलं तरी नाही. सकाळी पुन्हा ओले कपडे चढवताना मुलं शिव्या घालतात. घालू देत. सुती कपडे भिजले की ऊब राखत नाहीत आणि लवकर वाळतही नाहीत, म्हणून चालण्यासाठी आणि झोपण्यासाठी सुती काही नको. सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला. बाहेरून चढवायचं रेनकव्हर पाठीकडून पाणी घेतंच.

प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा टॉर्च आणि शिट्टी. मुलाच्या पाठीवरचं ओझं त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. सॅनिटरी पॅड आणि कागदी पिशव्या मोठ्यांच्या सामानात भरपूर ठेवा आणि कुठे ठेवल्यात ते निघण्याआधी सगळ्यांना एकत्र सांगून टाका. उंची, दगदग आणि प्रवासाने पाळीच्या तारखा मागेपुढे होतात. ऐनवेळी कुणाला मागायची वेळ येऊ नये.

विमानाचे नियम थोडक्यात : स्टोव्हचा गॅस ना हातातल्या बॅगेत चालतो ना सामानात, तो तिथेच घ्यावा लागतो. पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणारा वापरलेला स्टोव्ह वासावरूनही अडवतात. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत. खुंट्या, चाकू आणि चालायच्या काठ्या सामानात. गॅसच्या डब्यांचं तोंड देशोदेशी वेगळं मिळतं : काही आट्यांचे, काही टाचणीने भोक पाडून लावायचे, काही खटका दाबून बसणारे. तुमचा स्टोव्ह कुठल्या डब्याला बसतो आणि तिथे कुठला मिळतो हे निघण्याआधी बघा. न्यूझीलंडला जाणार असाल तर वापरलेले बूट आणि तंबू मातीचा कण न ठेवता धुवा आणि विमानतळावर जाहीर करा.

तळ लावणं

दुपारी तीनच्या आत पोहोचायचं. पोहोचल्यावर तंबू उघडायचे नाहीत. आधी जागेवर रिकाम्या हाताने फिरायचं, मुलांना घेऊन. खोलगट भाग सोडा, पाऊस तिथेच साचणार. ओढ्याचा काठ सोडा. वर डोंगरात पाऊस झाला की इथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढतं. वर बघा : वाळलेली फांदी लटकतेय का? उतारावर ताजे, न शेवाळलेले दगड पडलेत का? असतील तर वरून अजूनही दगड येतायत. गार हवा रात्री दरीच्या तळाशी उतरून साचते, म्हणून तळापासून थोडं वर, सपाटीवर झोप उबदार लागते.

तंबूची निमुळती किंवा पाठीची बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं असावं, म्हणजे दोरी ताणली तरी ती उपटत नाही. आता बाहेरच्या आवरणाला हात लावून बघा. ते आतल्या कापडाला कुठेही टेकत असेल तर रात्री तिथूनच पाणी झिरपणार. "माझी बॅग भिजलीये" या तक्रारीत छताला भोक क्वचितच असतं. बहुतेक वेळा एक ढिली दोरी असते, किंवा बॅगेचं पायाकडचं टोक तंबूच्या भिंतीला टेकलेलं असतं. कापड भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या. हे काम रोज दोन मुलांना द्या आणि त्यांच्यामागून स्वतः एक फेरी मारा.

स्वयंपाक झोपायच्या तंबूंपासून लांब. तंबूच्या आत किंवा दाराच्या पडवीत स्टोव्ह पेटवायचा नाही, थंडीने दात वाजत असले तरी. आग लागते तशीच कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात, आणि त्या वायूला वास नसतो. अस्वलांचा मुलूख असेल तर अन्नच नव्हे, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही. स्थानिक वनखातं सांगेल तशा बंद डब्यात किंवा कपाटात ठेवायची.

ओढ्याचं पाणी उकळूनच प्यायचं : खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-भात शिजायला वेळ लागतो आणि गॅसही जास्त जातो. हात साबणानेच धुवायला लावा. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस हातावरच्या जेलला फारसा दाद देत नाही, आणि एका तंबूत शिरला की दोन दिवसांत तळभर होतो. शौचालय नसलेल्या ठिकाणी पाण्यापासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, आणि कागद पिशवीत परत.

पहिल्या संध्याकाळी, उजेड असतानाच एक कवायत करून घ्या. नेत्यांच्या तंबूला चमकणारी पट्टी बांधा. प्रत्येक मुलाने आपल्या तंबूपासून तिथपर्यंत एकदा उजेडात आणि एकदा अंधारात चालून यायचं, येऊन टकटक करायचं आणि नाव सांगायचं. मुलं हसतात. हसत का होईना, पाय वाट शिकतात. शिवाय स्पष्ट सांगा : गार वाटलं, पोट दुखलं, घरची आठवण आली, अंथरूण ओलं झालं, कशासाठीही उठवायचं, सकाळी कुणी काही विचारणार नाही.

चालायचा दिवस

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचं १८९२ चं सूत्र अजून कामाचं आहे : सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे सूत्राप्रमाणे चार तासांहून थोडा कमी वेळ. मुलांच्या गटासाठी मी त्यात निम्मा वेळ आणखी घालतो, म्हणजे जवळपास सहा तास, जेवण वेगळं. निघताना परत फिरायची वेळ मोठ्याने जाहीर करा : "साडेअकराला आपण जिथे असू तिथून मागे." शिखर समोर दिसत असताना ठरवायला गेलात तर वीस आवाज तुमच्या विरुद्ध असतात.

सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवा, सर्वांत शेवटी एक मोठं माणूस. प्रत्येक थांब्यावर आकडे मोजून घ्या. मागचा पोहोचल्यावर थांबा मोजायला सुरुवात करायची, नाहीतर ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही.

पायवाटांच्या खुणा तिथल्या पद्धतीने शिका. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी खूण साध्या वाटेची, पांढरी-लाल-पांढरी डोंगरवाटेची, आणि पांढरी-निळी-पांढरी अवघड वाटेची. निळी दिसली की गट मागे फिरवायचा. उन्हाकडे ढगाळ दिवशीही दुर्लक्ष नको. दर १००० मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की धारेवरून खाली, पक्क्या इमारतीत किंवा गाडीत. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. उघड्यावर सापडलात तर एकट्या झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, एकमेकांत पंधरा-वीस पावलांहून जास्त अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसा. अंतर अशासाठी, की एका तडाख्यात सगळे सापडू नयेत आणि उपचाराला कुणीतरी उरावं.

तीन हजार मीटरच्या वर मुक्काम असेल तर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा गरगर असेल तर आणखी वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागतेय, किंवा टाचेला टाच जोडून सरळ रेषेत चालताना तोल जातोय, तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरवा.

ती टकटक झाल्यावर

आधी मूल आत घ्या, कारणं नंतर. ओले कपडे उतरवून कोरडी पिशवी उघडा, डोक्याला टोपी, जादा बॅगेत घाला, गोड आणि कोमट काही प्यायला द्या. नीट बोलतंय ना, शर्टाचं बटण लावता येतंय ना, ते बघा. बोलणं अडखळतंय, हात साथ देत नाहीत, चिडचिड करत होतं ते एकदम गप्प झालंय, तर शरीराचं तापमान खरंच उतरलंय. कुडकुडणं थांबलं असेल तर ते सुधारणेचं लक्षण समजू नका, ते जास्त धोक्याचं. अशा मुलाला चालवू नका, चोळू नका, आडवं ठेवून गरम करा आणि मदत मागवा. दुसरा नेता तोवर त्या तंबूतल्या बाकीच्यांना बघतो.

मदतीसाठी युरोपात बहुतेक देशांत ११२. हा क्रमांक, तळाचं नाव आणि अक्षांश-रेखांश एका जाड कागदावर लिहून प्रत्येक मुलाच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. फोन नसेल तर डोंगरातला जुना संकेत : मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, एक मिनिट थांबून पुन्हा. समोरून मिनिटाला तीन आले की तुमचा संकेत पोहोचला. हेलिकॉप्टर दिसल्यावर मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, नको असेल तर एक वर आणि एक खाली. मुलं उत्साहाने दोन्ही हात हलवतात, म्हणून हे आधी शिकवा.

घरी एकच संपर्क व्यक्ती नेमा. बातमी आधी तिच्याकडे, तिथून पालकांकडे. तोवर कुणी फोटो किंवा मेसेज टाकणार नाही, हे निघतानाच ठरवून घ्या. घोटा मुरगळला तरी तीन तासांत तो पाय मोडल्याचा निरोप होऊन घराघरांत पोहोचतो.

परतताना

शेवटच्या सकाळी खुंट्या मोजून पिशवीत भरा, जितक्या आणल्या तितक्याच. तंबू ओले गुंडाळावे लागले तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळत घाला, नाहीतर बुरशी धरते. काखा, गुडघ्याच्या मागची बाजू आणि केसांची मुळं गोचिडीसाठी तपासायला सांगा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-काडी काही नको. पुढचा महिनाभर कुठे पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना दौऱ्याबद्दल सांगायचं, अशी चिठ्ठी पालकांना द्या.

आणि विमानतळावर वाट बघताना प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या, नाव न लिहिता : काय उगाच आणलं, काय कमी पडलं, आणि कुठल्या रात्री उठवावंसं वाटलं पण उठवलं नाही. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नेत्यांनी एकत्र बसून वाचायची आणि पुढच्या गटाच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवायची.